वीस मिनिटांनी मोठी

आमची कन्या ३१ ऑगस्टला रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटांनी जन्मली, न्यू जर्सीतल्या एका हॉस्पिटलात. ही वेळ मला तोंडपाठ आहे, कारण पत्रिकेसाठी बाबांनी ती साताऱ्याहून फोन करून करून माझ्याकडून तीनदा वदवून घेतली होती. पत्रिकेत काय निघालं ते आता आठवत नाही. मंगळ नाही, एवढं आईने सांगितल्याचं आठवतं. त्या वेळेचा खरा दणका आठ वर्षांनी बसणार आहे आणि तो बेसबॉलकडून बसणार आहे, हे मात्र एकाही गुरुजींना दिसलं नाही.

जानेवारीत गावच्या लिटल लीगची नोंदणी सुरू झाली. कन्येला खेळायचं होतं, कारण तिची जिवलग मैत्रीण खेळते. तिने खेळावं असं मलाही वाटत होतं, कारण डोंबिवलीच्या आमच्या बिल्डिंगच्या आवारात मी दहा वर्षं क्रिकेट खेळलो आणि माझी गुणवत्ता कुणाच्या लक्षातच आली नाही. अर्ज ऑनलाइन होता. नाव, पत्ता, पत्त्याचे पुरावे, जन्मतारीख. तारीख टाकली मात्र, पडद्यावर अक्षरं उमटली: 'लीग एज: ९'.

मी तारीख पुन्हा तपासली. बरोबर होती. पोरगी आठ वर्षं चार महिन्यांची. बोटांवर मोजून पाहिलं, तरी आठच.

मग नियम वाचले. लिटल लीगच्या बेसबॉलमध्ये मुलाचं वय आज किती, याला किंमत नाही. त्या वर्षीच्या ३१ ऑगस्टला ते किती पूर्ण होईल, ते त्याचं लीग एज. सामने एप्रिल ते जून, वय मोजायचं ऑगस्टअखेरचं. म्हणजे कन्या खेळणार आठव्या वर्षी, पण कागदावर नऊची, आणि नऊच्या गटात सगळ्यांत लहान. तीच जर वीस मिनिटं उशिरा, १ सप्टेंबरला जन्मली असती, तर लीग एज आठ आणि आठच्या गटात सगळ्यांत थोरली. एवढंच नाही. पिचरच्या खांद्याची काळजी म्हणून दिवसाला किती बॉल टाकायचे यालाही मर्यादा आहे. सात-आठ वर्षांच्यांना ५०, नऊ-दहा वर्षांच्यांना ७५. म्हणजे त्या वीस मिनिटांत आमच्या पोरीच्या खांद्यात पंचवीस बॉलांची ताकद आली होती आणि आम्हाला पत्ता नव्हता.

हे सगळं मी उत्साहाने बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती. सुरी थांबली.

"म्हणजे मी अजून वीस मिनिटं कळा सोसायला हव्या होत्या, असं म्हणायचंय का तुला?"

माझं तसं अजिबात म्हणणं नव्हतं. मी फक्त एक शक्यता मांडत होतो.

दुसरी शक्यता मी लीगकडे मांडली. न्यू जर्सीत रात्रीचे अकरा चाळीस वाजले होते तेव्हा भारतात १ सप्टेंबरच्या सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. साताऱ्याला आजही तिचा वाढदिवस एक तारखेलाच करतात, शिऱ्याचा नैवेद्य दाखवून. असं मी ईमेलमध्ये लिहिलं (शिऱ्याचं गाळून). उत्तर आलं की जन्मदाखल्यावरची तारीख ग्राह्य धरली जाईल, आणि वाढदिवसाच्या आगाऊ शुभेच्छा.

बाबांना व्हिडिओ कॉलवर ही अडचण सांगितली तर ते हसायलाच लागले. "अरे, त्यात काय एवढं? हेडमास्तरांना भेट आणि तारीख बदलून घे."

बाबांचा स्वतःचा वाढदिवस १ जूनला असतो. त्यांच्या थोरल्या भावाचाही १ जूनला. वर्गातल्या निम्म्या मुलांचा १ जूनला. महाराष्ट्रातल्या त्या पिढीची अख्खी पलटण एकाच दिवशी जन्माला आली, कारण शाळा जूनमध्ये उघडायच्या, आईबापांना तारीख ठाऊक नसायची, आणि गुरुजींना रकाना मोकळा सोडता यायचा नाही. पोर शाळेत घालण्याजोगं झालं की नाही, हे ठरवायची कसोटीही त्यांच्याकडे होती. उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि डावा कान धरून दाखवायचा. कान हाताला लागला की पहिलीत. नाही लागला, तर "पुढच्या वर्षी आणा". पोराच्या तब्येतीला, उंचीला, वाढीला धरून चालणारी अशी सुटसुटीत वर्गवारी मी त्यानंतर कुठेच पाहिली नाही. फोन ठेवल्यावर मी कन्येला हाक मारून तिच्याकडून कान धरवून घेतला. सहज लागला. पण लीगच्या अर्जात कानाचा रकाना नव्हता.

तारीख बदलण्याचा उपाय अमेरिकेतही कुणाला सुचला नव्हता असं नाही. २००१ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या एका संघाचा डावखुरा पिचर लिटल लीगच्या जागतिक स्पर्धेत असा काही चमकला की वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतलं. पुढे चौकशी झाली, तेव्हा बारा वर्षांचा म्हणून खेळलेला हा मुलगा चौदाचा निघाला. जन्माचा कागद दोन वर्षांनी तरुण केलेला. संघाचे सगळे विजय रद्द झाले. मी ही हकीकत बाबांना सांगितली. ते गंभीरपणे म्हणाले, "दोन वर्षं म्हणजे फारच. आमच्या वेळी सहा-आठ महिन्यांवर भागायचं."

आता वय नऊ हे मान्य करून पुढे जायचं ठरवलं, तर पुढे दहा दरवाजे. लिटल लीगची उतरंड म्हणजे आपल्या बालवाडीसारखी, नावं ऐकून काही कळणार नाही अशी. चार ते सात वर्षांची मुलं टी-बॉल खेळतात. त्यात बॉल कुणी टाकतच नाही. कमरेएवढ्या रबरी खुंटीवर तो ठेवलेला असतो, मुलाने यायचं, डोळे मिटून बडवायचा आणि पळायचं. कधी खुंटीच उडते. बहुतेक ठिकाणी धावा मोजत नाहीत, सगळ्यांची बॅटिंग होते, मग सगळ्यांना ज्यूसचा डबा आणि घरी.

याला आपण कच्चा लिंबू म्हणतो. आमच्या आवारात एका वेळी एकच कच्चा लिंबू असायचा, कुणाचा तरी धाकटा भाऊ, "त्यालाही घ्या रे" म्हणून आईने खाली पाठवलेला. त्याला बॅटिंग मिळायची. तो बोल्ड झाला की सगळे "नोबॉल, नोबॉल" असा गलका करायचे. त्याने मारलेला बॉल मुद्दाम पायांमधून सोडायचे. असं महिना-दोन महिने चालायचं आणि एखाद्या संध्याकाळी, कुणी काही न ठरवता, त्याचा त्रिफळा उडाल्यावर सगळे चूप बसायचे. तो बॅट धरून वाट बघायचा. कुणी "नोबॉल" म्हणायचं नाही. मग त्याला कळायचं की आपण आउट झालो. रडत घरी जायचा, पण दुसऱ्या दिवशी टीम पाडताना त्याचं नाव घेतलं जायचं. ना अर्ज, ना फी, ना ईमेल. इथे बारा-बारा कच्च्या लिंबांची एकेक टीम असते, टोपी-गणवेशासकट, आणि प्रत्येकाच्या पाठीवर गावातल्या दातांच्या डॉक्टरची जाहिरात.

टी-बॉलच्या वर मायनर्स. पाच ते अकरा वयाची मुलं यात कुठेही सापडू शकतात. कुठे कोच बॉल टाकतो, कुठे यंत्र टाकतं, कुठे मुलंच एकमेकांना टाकतात. आमच्या गावात मायनर्सचे पुन्हा तीन मजले आहेत: सिंगल ए, डबल ए, ट्रिपल ए. नोंदणीच्या टेबलावरच्या गृहस्थांनी पहिल्यांदा "डबल ए की ट्रिपल ए?" असं विचारलं तेव्हा मला वाटलं रिमोटचे सेल विकतायत. सेलमध्ये ट्रिपल ए धाकटा, बेसबॉलमध्ये थोरला. तिथपासूनच माझा गोंधळ सुरू झाला.

मायनर्सच्या वर मेजर्स, नऊ ते बारा वर्षांसाठी. म्हणजे आमचं मूल बाराव्या वर्षी 'मेजर' होतं. मग तेराव्या वर्षी प्रगती होऊन ते काय होतं? 'ज्युनियर'. ज्युनियर लीग बारा ते चौदा, सीनियर लीग तेरा ते सोळा, आणि मेजर-ज्युनियरच्या मध्ये अकरा ते तेरांसाठी 'इंटरमिजिएट'. मला आमच्या बालवाडीतला 'मोठा शिशु' वर्ग आठवला. मोठा आहेस, पण शिशुच आहेस.

या इंटरमिजिएटची गंमत मला उशिरा कळली. मेजर्सपर्यंत एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंतचं अंतर ६० फूट आणि पिचर ४६ फुटांवर. ज्युनियरमध्ये एकदम मोठ्या माणसांचं मैदान: बेस ९० फुटांवर, पिचर साडेसाठ फुटांवर. एका उन्हाळ्यात पोराची उंची तीन इंच वाढते आणि मैदान तीस फुटांनी. काल ज्याचा फेक थेट पोचायचा त्याचा बॉल आज वाटेत दोन टप्पे घेतो. म्हणून मध्ये ७० आणि ५० फुटांची पायरी बांधली. बारा-तेराव्या वर्षी बरीच मुलं खेळ सोडतात असं इथले जुने पालक सांगतात. मैदान बघून मला त्याचं नवल वाटलं नाही.

खेळ मुलाच्या मापाचा करायचा, ही कल्पनाच मुळी या लीगचा पाया आहे. पेनसिल्व्हेनियात विल्यम्सपोर्टला कार्ल स्टॉट्झ नावाच्या माणसाने ही लीग १९३९ साली काढली, आपल्या भाच्यांना खेळायला जागा मिळेना म्हणून. त्याने शेजारपाजारची मुलं गोळा केली, मैदानावर बेस म्हणून वर्तमानपत्राच्या घड्या टाकल्या आणि मुलं पळतात कशी, फेकतात कशी हे बघत त्या घड्या पुढेमागे सरकवत राहिला, तेव्हा कुठे माप जुळलं. मला हा माणूस आवडतो. गुरुजींच्या कानाच्या कसोटीचाच हा अमेरिकन चुलता. पहिला सामना ६ जून १९३९ ला झाला, लाकडाच्या वखारीने पुरस्कृत केलेला संघ विरुद्ध डेअरीचा संघ, आणि निकाल लागला २३ विरुद्ध ८. बेसबॉलमध्ये एरवी इतक्या धावा होत नाहीत. यावरून त्या दिवशी मुलांनी पिचिंग कसं केलं असेल ते ओळखा. आठवड्याला एकदा मी ते आता प्रत्यक्ष बघतो.

आमच्या गावात लिटल लीग आहे म्हणून निदान नावं माणसांची तरी. कॅलिफोर्नियात माझा मामेभाऊ राहतो, तिथे 'पोनी' नावाची दुसरी संघटना आहे. तिचे सगळे गट घोड्यांच्या नावांचे: शेटलंड, पिंटो, मस्टँग, ब्रॉन्को, पोनी, कोल्ट, पॅलोमिनो. मामेभावाचा फोन आला की "आमचा यंदा मस्टँगमध्ये गेला" हे तो अशा सुरात सांगतो की पोराने गाडी घेतली की काय असं वाटावं. मामीला हे अजून नीट समजलेलं नाही. ती सोसायटीत सांगते, नातू घोडेस्वारी शिकतोय.

मी डबल ए की ट्रिपल ए या विचारात असताना आमच्या मराठी मंडळाच्या पालक-ग्रुपवर विषय निघाला. तिथे एकच सूर: "प्ले अप!" म्हणजे पोराला वरच्या गटात ढकल. इथे असा एकही बाप मला भेटलेला नाही ज्याचं मूल नेमकं आपल्याच गटाच्या लायकीचं आहे. सगळ्यांचीच मुलं वरची. मग खालच्या गटात कोण खेळतं हे एक कोडंच आहे. एका गृहस्थांनी उलटी बाजू मांडली. ते म्हणाले, गटात थोरलं असण्याचा फायदा जन्मभर पुरतो. पूर्वी वयाची रेषा ३१ जुलैची होती, आणि त्या काळात मोठ्या झालेल्या अमेरिकन व्यावसायिक खेळाडूंमध्ये ऑगस्टात जन्मलेले जुलैत जन्मलेल्यांपेक्षा चांगलेच जास्त भरतात. कारण ऑगस्टवाला दरवर्षी गटात थोरला, म्हणून दांडगा, म्हणून कोचचा लाडका, म्हणून बॅटिंग जास्त. मी आनंदलो. ऑगस्ट! आमचीच की! मग लक्षात आलं की मधल्या काळात रेषा सरकवली आहे, आणि सरकवून सरकवून ती नेमकी आमच्या कन्येच्या वाढदिवसावर आणून ठेवली आहे. साडेसाती म्हणतात ती हीच असावी.

दुसऱ्या एका काकांनी मात्र वेगळीच सूचना केली: "मुलगी आहे ना? मग सॉफ्टबॉलला घाल. बेसबॉल मुलांचा." हे ते न्यू जर्सीत बसून म्हणत होते. आमच्या घरापासून गाडीने पाऊण तासावर होबोकन आहे. १८४६ साली ठरीव नियमांनी बेसबॉलचा सामना तिथे खेळला गेला. आणि त्याच होबोकनमध्ये १९७२ साली मारिया पेपे नावाची मुलगी लिटल लीगच्या संघात पिचर म्हणून तीन सामने खेळली, तेव्हा वरून दट्ट्या आला की तिला काढा, नाहीतर तुमच्या गावाची मान्यता काढू. प्रकरण राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे आणि कोर्टात गेलं. निकाल मुलींच्या बाजूने लागला आणि १९७४ पासून लिटल लीगचे दरवाजे मुलींना उघडले. पण तोवर मारिया चौदा वर्षांची झाली होती. जिच्यामुळे नियम बदलला ती वयात बसेना. २०१४ साली फिलाडेल्फियाच्या मोने डेव्हिसने जागतिक स्पर्धेत समोरच्या संघाला एकही धाव न देता सामना जिंकून दाखवला, तेव्हा सगळा देश टीव्हीसमोर होता. हे मी काकांना ग्रुपवर लिहिलं. त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. त्याचा अर्थ काय घ्यायचा हे ग्रुपवर कधीच कळत नाही.

निवड चाचणी फेब्रुवारीत होती, म्हणून तळघरात तयारी सुरू केली. पहिली चूक ग्लव्हची. पोरगी उजव्या हाताने फेकते म्हणून मी उजव्या हातात घालायचा ग्लव्ह आणला. बेसबॉलचा ग्लव्ह फेकायच्या हातात घालत नाहीत, दुसऱ्या हातात घालतात, नाहीतर बॉल झेलल्यावर तो फेकणार कशाने, हे मला दुकानातल्या सोळा वर्षांच्या पोराने समजावून सांगितलं. तो फार सभ्य होता. दुसरी चूक माझ्या शिकवण्याची. मी तिला मान खाली, कोपर वर, बॉल डोळ्यांखाली असं सगळं शिकवलं. तिचा लेट कट इतका देखणा बसू लागला की मी तो मोबाइलवर काढून डोंबिवलीच्या मित्रांना पाठवला. बेसबॉलमध्ये मागे गेलेला बॉल फाउल असतो, ही माहिती मला चाचणीच्या दिवशी मिळाली.

चाचणी म्हणजे शुद्ध कांदेपोह्यांचा कार्यक्रम, फक्त पोहे नाहीत. शाळेच्या जिममध्ये घडीच्या खुर्च्यांवर सहा कोच, मांडीवर पॅड, हातात पेन्सिल. मुलांच्या पाठीवर नंबर. कन्येचा ४७, पिन मी लावली होती, त्यामुळे वाकडा. आईबापांनी भिंतीला टेकून उभं राहायचं, बोलायचं नाही. तीन सरपटते बॉल अडव, सहा उंच झेल, पाच बॉल फेक, पाच मार, शेवटचा मारल्यावर पहिल्या बेसपर्यंत पळ. तिने झेल पाच घेतले, सहावा ग्लव्ह सोडून उघड्या हाताने घेतला. माझ्या शेजारची बाई "ओह" म्हणाली. मी छाती पुढे काढली.

मग बॅटिंग. चार हुकले. पाचवा लागला, खणखणीत. ती पळाली, बॅट हातात घेऊन पळाली, आणि पहिल्या बेसपाशी पोचल्यावर शेवटच्या क्षणी वाकून, हात लांबवून, बॅट लाकडी फरशीवर सर्रकन सरपटवत रेषेच्या पलीकडे टेकवली.

जिममध्ये शांतता पसरली. सहाही पेन्सिली थांबल्या. मग एका कोचने बराच वेळ काहीतरी लिहिलं. माझं मत अजूनही ठाम आहे: रनआउट झाली नसती.

चाचणीनंतर कोच मंडळी बंद दाराआड बसतात आणि पाळीपाळीने मुलं वाटून घेतात. आमच्या आवारात दोन कॅप्टन सगळ्यांसमोर टीम पाडायचे. शेवटी उरणाऱ्याला आपण शेवटी उरलो हे तिथल्या तिथे कळायचं. इथे ते ईमेलने कळतं, "आम्हाला कळवण्यास आनंद होतो" या वाक्याआड दडवून. आनंद होतो की तुमची मुलगी डबल एमध्ये आहे.

मी रात्री अकराला उत्तर लिहायला बसलो. मुद्दे काढले. लीग एज नऊ, म्हणजे नियमाने मेजर्सलाही पात्र. सहा झेल, त्यातला एक उघड्या हाताने. सचिन हॅरिस शील्डमध्ये कांबळीबरोबर ६६४ ची भागीदारी करत होता तेव्हा चौदा वर्षांचा होता आणि स्पर्धा सोळांखालची होती. बायको मागून वाचत होती. म्हणाली, "सचिनचं काढ." मी ते वाक्य काढून ईमेल पाठवला.

दुसऱ्या दिवशी डबल एच्या संयोजक बाईंचा फोन आला. त्या पेशाने नर्स आहेत, रात्रपाळी आटोपून गाडीतून बोलत होत्या. लीगचं काम सगळं स्वयंसेवेचं, कुणाला दमडी मिळत नाही, आणि माझ्यासारखे बाप फुकटात.

"मेजर्सला घालू शकता," त्या म्हणाल्या. "तिथे बारा वर्षांची मुलं आहेत, माझ्याहून उंच. तिला नियमाने सहा आउट होईपर्यंत फील्डिंग आणि एकदा बॅटिंग मिळेल. राइट फील्डला उभी राहील. तिकडे बॉल फारसा जात नाही. गवत चांगलं आहे."

"आणि डबल एमध्ये?"

"डबल एमध्ये पिचर नाहीत. तिचा फेक सरळ आहे. आठवड्याला एक डाव टाकेल."

वासरात लंगडी गाय शहाणी, हे मी आजवर टोमणा म्हणून ऐकत आलो होतो. त्या बाईंचं ऐकताना पहिल्यांदा वाटलं की गायीच्या बाजूने विचार केला तर व्यवस्था वाईट नाही. तिला चरायला मिळतं, वासरं तिच्याकडे बघतात, आणि पाय हळूहळू सुधारू शकतो. बैलांच्या कळपात तिला कुणी विचारत नाही आणि वर धक्के. या विषयात मी जे काही शिकलो ते एवढंच: पोराला बॉलची भीती वाटत नसेल तर ज्या गटात बॉल त्याच्याकडे जास्त वेळा येतो तो गट घ्यावा. मोठ्या नावाच्या गटात मूल डँडेलियनची फुलं खुडत बसतं आणि बाप लोकांना सांगत फिरतो, आमचा मेजर्सला आहे. फुलं खुडायला मेजर्सची फी जास्त आहे.

"अजून एक," बाई म्हणाल्या. "डबल एला एक असिस्टंट कोचही कमी आहे."

अशी माझी भरती झाली. पोलिसांकडे माझा काही इतिहास नाही ना, याची तपासणी झाली, मुलांच्या सुरक्षिततेचं ऑनलाइन प्रशिक्षण झालं, टोपी मिळाली. मग मुख्य कोचने माझी चाचणी घेतली. तो गावात प्लंबिंगची कामं करतो, हात खोऱ्यासारखे.

"खेळलायस?"

"क्रिकेट. दहा वर्षं."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मैदानाकडे पाहिलं, आणि बॉलांची बादली माझ्याकडे दिली. झाकणावर मऊ गादी असलेली मोठी पांढरी बादली. बॉल गोळा करायचे, बादलीत टाकायचे, झाकण लावून वर बसायचं. शिवाय बाकावरच्या मुलांच्या नाड्या बांधायच्या, हेल्मेट सरळ करायची आणि सूर्यफुलाच्या बिया ते एकमेकांवर थुंकत नाहीत ना, हे बघायचं. स्वतःवर थुंकल्या तर चालतं.

पहिला सामना एप्रिलच्या पहिल्या शनिवारी, सकाळी साडेआठला. थंडी अशी की बादलीवर बसवेना. डबल एचं बेसबॉल म्हणजे काय हे थोडक्यात सांगतो. पिचरला बॉल कुठे जाणार हे माहीत नसतं, बॅटरला माहीत नसतं, आणि कॅचर मागे पळत असतो. चार बॉल बाहेर गेले की बॅटर चालत पहिल्या बेसवर. त्याच्यामागून पुढचा, त्याच्यामागून पुढचा, अशी पंगत पुढे सरकते आणि सगळ्यांत पुढचा घरी येतो. पाच धावा झाल्या की डाव बंद, हा नियम ज्याने केला त्याचं भलं होवो. पहिल्या डावात दोन्ही संघांच्या मिळून नऊ धावा झाल्या आणि बॅटला बॉल दोनदा लागला. आईबाप खुर्च्यांवरून प्रत्येक बॉलला "गुड आय!" म्हणत होते. म्हणजे बॉल सोडल्याबद्दल कौतुक. आमच्याकडे असं फक्त कसोटीत व्हायचं.

तिसऱ्या डावात कन्या पिचिंगला आली. टोपी कानांपर्यंत. रबराच्या पट्टीवर पाय ठेवला, मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि हात कोपरात न वाकवता, खांद्यावरून गोल फिरवून पहिला बॉल टाकला. बॅटरच्या पुढ्यात पाच फुटांवर टप्पा पडून तो बाहेर वळला आणि कॅचरच्या डोक्यावरून गेला.

"बॉल!" अंपायर म्हणाला.

मी बादलीवरून उठून टाळ्या वाजवल्या. मुख्य कोचने वळून पाहिलं, तेव्हा बसलो. कॉलवर बाबा साताऱ्याहून बघत होते, त्यांना चित्र नीट दिसत नव्हतं, पण त्यांनी विचारलं, "लेग ब्रेक होता का रे?" होता. पुढचे बॉल तिने वर हात वाकवून, इथल्यासारखे टाकले. दोघांना चालत सोडलं, तिघांना आउट केलं, त्यातला एक स्वतःच झेलून. एकूण एकोणीस बॉल. लीग एज आठ असतं तरी मर्यादेत बसले असते.

नंतर खाऊ आमच्याकडून होता. ॲलर्जीचा फॉर्म वाचून बायकोने शेंगदाण्याशिवाय चिवडा केला होता. तिच्या मते त्याला चिवडा म्हणू नये. पोरांनी तो संपवला.

सध्या कन्या डबल एमध्ये आहे आणि मीही. पुढच्या मोसमात तिचं लीग एज दहा होईल. माझ्याबद्दल कोचने अजून काही कळवलेलं नाही.